पनूच्या बुटाचं पातं

डेहराडूनहून येऊन आता बरेच दिवस झाले, तरी दुपारी जरा डोळा लागला की मला तो पांढरा रंग दिसतो. दुधाचा नाही, कापसाचा नाही, चुन्याचाही नाही. आतून निळसर असलेला पांढरा. त्यावरून मुली जातात, आणि नवं कापड एका दमात टरकवल्यासारखा लांबच लांब आवाज येतो. मग मी जागी होते, आणि बाहेर आपलं अंगण असतं, कोंबड्या असतात.

शेतात बायका विचारतात, "काय काय बघितलंस गं तिकडं?" मी म्हणते, "लई बर्फ होता." त्या हसतात. तोंडानं सांगायला गेलं की माझं एवढंच होतं. म्हणून पनूच्या जुन्या वहीत उरलेल्या कोऱ्या पानांवर हे लिहून ठेवते आहे.

पनू म्हणजे प्रणाली, माझ्या धाकट्या दिराची मुलगी. मला मोठीआय म्हणते. आमचं गाव निलंग्याच्या पुढं, पण पनू शिकायला लातूरला मावशीकडे असते. तिथं ती चाकाच्या बुटांवर पळायला शिकली. शिकवणारे सर म्हणाले, या पोरीला वळण चांगलं घेता येतं, हिला बर्फावर नेऊ. मागचे दोन उन्हाळे ती त्यांच्यासोबत लांब कुठं कुठं जाऊन बर्फावर पळून आली. यंदा आशियातल्या देशांची बर्फावरची शर्यत आपल्या देशात, डेहराडूनला भरली, आणि आपल्याकडून उतरणाऱ्या मुलींत पनूचं नाव आलं.

सोबत घरची एक बाई पाहिजे होती. माझी जाऊ सुनीता, पनूची आई, तिचं पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. ती खाटेवरूनच म्हणाली, "अक्का, तुमीच जावा. पोरगी तुमच्या हवाली."

मी हो म्हणाले. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

नांदेड

गाडी नांदेडहून होती. स्टेशनात पंजाबातले यात्रेकरू पथाऱ्या टाकून बसले होते. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं मला बोलावून तिच्या चादरीवर जागा दिली. तिची भाषा मला येईना, माझी तिला. तिनं माझ्या बांगड्या बघितल्या, मी तिचं कडं बघितलं, आणि आमचं भागलं.

पनूची एक पिशवी होती, बुटांची. ती तिनं मला उचलू दिली नाही, बाकाखाली ठेवू दिली नाही, सरांच्याही हाती दिली नाही. गाडीत उशाला घेऊन झोपली. मला त्याचं नवल वाटलं नाही. आम्ही सोयाबीन काढायला जातो तेव्हा कुणीच आपला विळा दुसरीला देत नाही. मुठीला आपल्या हाताची सवय असते.

दिल्लीपर्यंतचं काय सांगू. सपाट रान, विटांच्या भट्ट्या, परत सपाट रान. सोबत धपाटे होते आणि शेंगदाण्याची चटणी होती. सर म्हणाले, "काकू, तुमच्या चटणीसाठी तरी आमची गाडी उशिरा पोचू द्या." मी पदर तोंडाला लावला.

डेहराडून

सकाळी उठले तर खिडकीत डोंगर. आमच्याकडे एवढं उंच काही नाही, बालाघाटाचा घाटसुद्धा यापुढं बांधासारखा. ढग डोंगराच्या अंगावरून सावकाश खाली येत होते, जणू कुणी वरून दुलई ओढत होतं. पाऊस होता, पण आवाज न करणारा.

आम्ही उतरलो ती जागा एका पहाडी बाईची होती. खाली स्वयंपाकघर, वर चार खोल्या. तिनं मंडुव्याची म्हणून काळी रोटी दिली. तोंडात घातली आणि कळलं, ही तर नाचणी! आमच्याकडे ज्वारी, इकडे नाचणी, पण थापायचा हात तोच. मी चुलीजवळ बसून बघत राहिले. ती म्हणाली, "दीदी, कुछ बोलो तो." मी म्हणाले, "मेरेकु बोलना नहीं आता, देखना आता." लातूरच्या बाजारात शिकलेली माझी हिंदी ऐकून ती इतकी हसली, की रोटी करपली.

मग बर्फ बघायला गेलो.

मला वाटलं होतं, डोंगरावर असेल. तर एक मोठी बंद इमारत. बाहेर घाम येत होता. आत एक जाड दार, मग दुसरं दार, आणि मग एकदम अंगावर थंडी. मी दोन स्वेटर आणि यजमानांची माकडटोपी नेली होती, ती पनूनं पिशवीतून काढूच दिली नाही. "मोठीआय, टोपी नको, माझी शपथ हाय तुला." मग मी पदरच कानांवरून घट्ट घेतला.

आणि तो बर्फाचा गोल समोर आला. आमच्याकडे बर्फ म्हणजे गारा. गारा पडल्या की पत्र्यावर आवाज होतो आणि बायका दारात उभ्या राहून रानाकडे बघतात. बर्फ असा शहाण्यासारखा एका जागी निजलेला मी पहिल्यांदा बघितला. वर दिवे, खाली दिवे. त्यावर हलकं धुकं. आपला श्वास आपल्याला दिसतो. मी कितीतरी वेळ नुसता श्वास सोडून बघत होते.

बर्फावर दोन्ही वळणांत रबराच्या काळ्या वाट्या उलट्या ठेवलेल्या असतात. मुलींनी त्यांच्या बाहेरून वळायचं. वळताना इतक्या वाकतात, की डावा हात बर्फाला टेकतो. बोटांच्या टोकांनी बर्फ चाचपत जातात, जसं आपण अंधारात भिंत चाचपतो. कडेला चारी बाजूंनी जाड गाद्या उभ्या केलेल्या. कुणी घसरली तर गादीवर जाऊन आपटते. धप्प. मग उठते.

मला सगळ्यात आवडली ती पाण्याची माणसं. एक शर्यत झाली की वळणावर चरे पडतात. मग ही माणसं बादल्या घेऊन येतात आणि त्या चऱ्यांवर पाणी ओततात, सपाट फळीनं पुसून घेतात. जरा वेळानं पाणी तिथंच गोठतं आणि जमीन नव्यासारखी. मी मनात म्हणाले, हे तर सारवण. सणाला अंगणाचे खड्डे बुजवून आपण हात फिरवतो, तसंच. फक्त इथं शेणाऐवजी पाणी आणि उन्हाऐवजी थंडी.

सरावाचा दिवस

दुसऱ्या दिवशी सराव होता. पनू वळणात दोनदा घसरली. एकदा तर गादीपर्यंत गेली. मी गॅलरीत बसून मुठी आवळून बघत होते. बाहेर आली तेव्हा तोंड लाल.

"लागलं का गं?"

"न्हाई. पाय धरंना. धारच न्हाई ऱ्हायली पात्याला."

एवढं बोलून ती जेवली आणि झोपली. सर कुठल्या तरी बैठकीला गेले होते.

मी तिच्या बाजूला बसून होते. घरून निघाल्यापासून चार दिवस मी नुसती बसूनच होते. शाळेच्या पोरीसारखी गळ्यात कार्ड घालून हिंडत होते, पण कुणाला काही विचारता येत नव्हतं आणि कुणाच्या काही कामाला येत नव्हते. आणि आता एक काम समोर होतं, तेही माझ्या हातचं. आमच्या टोळीत बारा बायका. काढणीच्या आदल्या दिवशी बाराही जणी विळे माझ्याकडे आणून टाकतात. म्हणतात, तुझा हात फिरला की विळा लोण्यातून जातो.

मी पिशवी उघडली. उजव्या बुटाचं पातं अंगठ्यानं बघितलं. सपाट. फूटपट्टीच्या काठासारखं. मनात आलं, पोरगी खरं बोलली, हे तर पार बोथट झालंय.

खोल्यांच्या मागं कपडे धुवायची फरशी होती. बारीक कणांची, गार, ओली. मी बूट घेऊन तिथं गेले. विळ्याला एकाच अंगानं धार लावतात. पातं तिरपं धरायचं, पुढं ढकलायचं, परत आणताना उचलायचं. मी तसंच केलं. पाऊस भुरभुरत होता, डोंगर ढगात गेला होता, पातं फरशीवर गुणगुणत होतं. खरं सांगते, चार दिवसांत मला तेवढं बरं कधी वाटलं नव्हतं. पात्याच्या पुढच्या चार बोटं लांबीला चांगली धार आली. डावा बूट आणायला गेले तर पनूनं कूस बदलली, म्हणून राहू दिला. उजवा पुसून, पात्याचं आवरण चढवून, होता तसा ठेवला.

सांगितलं नाही. उद्या पाय धरला की सांगू, असं मनात होतं.

शर्यतीचा दिवस

सकाळी लवकर गेलो. पनू आत गेली, मी वर बसले. पण थंडी सहन होईना म्हणून गॅलरीच्या मागच्या बोळीत आले. तिथं टेबलं मांडून देशोदेशीची माणसं बुटांची कामं करत होती. एका टेबलापाशी एक म्हातारा होता, उझबेकिस्तानच्या मुलांसोबत आलेला. डोक्यावर नक्षीची चौकोनी टोपी, तोंडात दोन सोन्याचे दात. लोखंडाच्या एका घोडीत त्यानं दोन्ही बूट उलटे आवळले होते, पाती वर, शेजारी शेजारी. आणि एक लांब दगड दोन्ही पात्यांवर एकदम आडवा ठेवून तो मागं पुढं नेत होता.

धार लावणारा माणूस दिसला आणि मी उभी राहिले. त्याचा हात फार सुरेख होता. घाई नाही, जोर नाही.

पण दगड तिरपा होईना. मी वाट बघत होते, आता करेल, आता करेल. तो सपाटच नेत राहिला. मग त्यानं पातं उजेडात धरलं. सपाट, फूटपट्टीसारखं. आणि त्याच्या दोन्ही काठांना त्यानं अंगठ्याचं नख लावलं, आधी या काठाला, मग त्या काठाला. दोन्हीकडे नखाचा पांढरा भुगा निघाला.

म्हणजे पातं सपाटच असतं. धार मध्ये नसते, दोन कडांना असते. आणि आतली कड मी काल फरशीवर घासून उतरती करून टाकली होती. वळणात पोरगी सगळा भार त्याच कडेवर टाकणार होती.

मी पळत सुटले. गॅलरीत आले. खाली सरावासाठी मुली बर्फावर उतरायला लागल्या होत्या. पनू दाराशी उभी होती, आवरणं काढलेली, एक पाय उचललेला. खाली जायच्या वाटेवर माणूस होता, त्यानं माझं कार्ड बघून मान हलवली. त्याला काय सांगायचं, कुठल्या भाषेत सांगायचं.

रानात बांधाच्या पलीकडून हाक मारायची असते तेव्हा आम्ही लाजत नाही. तशी हाक मारली.

"पनूऽऽऽ! थांबऽऽ! पाय टाकू नकोऽऽ!"

ती हाक छतापर्यंत गेली आणि परत आली. सगळा गोल थांबला. पाण्याची माणसंसुद्धा बादल्या धरून वर बघायला लागली. पनूचा पाय तसाच अधांतरी.

ती गाद्यांच्या कडेनं माझ्या खाली आली. दबक्या आवाजात म्हणाली, "मोठीआय, काय करायलीस? समदे बघायलेत!"

"बूट काढ. उजवा. मी पातं पाजवलंय."

"काय?"

"काल. तू झोपल्यावर. फरशीवर."

तिनं तिथंच बसून पाय वर घेतला, कडेवरून बोट फिरवलं, आणि तिचं तोंड असं झालं की मला अजून आठवलं तरी अन्न गोड लागत नाही. सर धावत आले. वाटेवरच्या माणसाला सांगून त्यांनी मला खाली घेतलं. पातं बघितलं, खाली बसले, परत बघितलं.

"काकू, हा विळा न्हाई हो."

"सर, धार गेली म्हणली ती. म्हणून मी लावली."

"धार चांगली होती. परवाच मी लावली होती. हिचा पाय उशिरा पडत होता. ते मी हिला सांगितलं पण होतं."

पनू रडत होती, पण रडण्यापेक्षा चिडली जास्त होती. "तुला कुणी सांगितलं होतं? आँ? आईनं सोबतीला धाडलं, का माझा पाय मोडायला?"

सुनीता खाटेवरून म्हणालेली, पोरगी तुमच्या हवाली. तेवढं कानात वाजत होतं.

बर्फावरचा सराव तिचा गेलाच. शर्यतीला तासाभराहून थोडा जास्त वेळ होता. सर बूट घेऊन बोळीत पळाले, मागं आम्ही. ते आपली घोडी लावायला लागले, पण घाईत बूट नीट आवळेनात. तेव्हा तो टोपीवाला म्हातारा उठून आला. त्यानं पातं हातात घेतलं, कडेला नख लावलं, मग तिरपी घासलेली जागा उजेडात धरून नीट बघितली. बऱ्याच वेळानं मान वर केली आणि हातानं विळ्यानं कापल्याची खूण केली. भुवया उंचावून विचारलं, हे कुणाचं काम?

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

म्हातारा हसला नाही. दोन्ही बूट घोडीत आवळले, दगडाला तेल लावलं आणि दगडाचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"आता हे कशाला?" पनू म्हणाली.

सर म्हणाले, "असू दे. दोघांनी लवकर होईल."

आम्ही समोरासमोर उभे राहिलो आणि दगड त्याच्याकडे, माझ्याकडे, त्याच्याकडे, माझ्याकडे जाऊ लागला. जात्यावर दोघी बसतात तसं. माझा हात सवयीनं तिरपा व्हायचा. तो माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायचा आणि म्हणायचा, "सबर, सबर." धीर धर म्हणायला आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सबर म्हणतात. त्याच्याही मुलुखात तो शब्द तसाच आहे म्हणायचा. परक्या माणसाचा हात हाताला लागला, एरवी मी मेले असते. तेव्हा काही वाटलं नाही. तेलात काळा भुगा येत होता, तो पुसायचा, परत दगड. आजूबाजूचं सगळं लांब गेलं. मुलींची नावं पुकारत होते, घंटा वाजत होती, टाळ्या येत होत्या, पण पाण्याखालून आल्यासारख्या. मी सपाट जायला शिकत होते. एवढ्या वर्षांनी.

शेवटी त्यानं दगड बाजूला ठेवला, बारीक दगडानं कडा साफ केल्या आणि बूट सरांकडे दिले. सरांनी ते पनूपुढं ठेवले.

ती घालेना. बाकावर नुसती बसून राहिली. तिच्या शर्यतीच्या मुली रांगेत निघाल्या होत्या.

"पनू, चल," सर म्हणाले. "बघितलंय मी. बरोबर हाय."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू सांग. तू बघ आन् सांग."

"मला काय कळतंय बाळा त्यातलं?"

"धारीतलं तुला कळत न्हाई असं म्हणू नको. बघ."

मी बूट मांडीवर घेतला. आतल्या कडेला अंगठ्याचं नख लावलं, टाचेपासून पुढपर्यंत, सावकाश. जिथं मी घासलं होतं तिथं दोनदा. नखाचा भुगा सगळीकडे सारखा निघत होता. मग बाहेरची कड. मग डावा बूट. तिला खोटं सांगून चालणार नव्हतं, आणि मनाची समजूत घालूनही चालणार नव्हतं.

"हाय," मी म्हणाले. "दोन्हीकडून हाय. टाक भार."

तिनं बूट चढवले आणि गेली.

चौघी होत्या. पहिल्या दोघीच पुढच्या शर्यतीला जाणार होत्या. साडेचार फेऱ्या. मी वर गेले नाही, गाद्यांच्या मागं सरांच्या बाजूला उभी राहिले, कुणी हटकलं नाही. बंदुकीसारखा आवाज झाला आणि त्या निघाल्या. पनू शेवटी. पहिल्या वळणात ती जरा जपूनच गेली, मला दिसलं. दुसऱ्या वळणात पाय टाकताना क्षणभर थांबल्यासारखी झाली, आणि मग तिनं भार टाकला. सगळा. इतकी वाकली, की तिचा खांदा आणि बर्फ यांत हातभर अंतर उरलं. पातं धरून राहिलं. कापड टरकवल्यासारखा तो आवाज माझ्या अगदी जवळून गेला आणि बर्फाचा बारीक चुरा माझ्या तोंडावर आला. गार, कोरडा. मी तो पुसला नाही.

तिसऱ्या फेरीत तिनं एकीला मागं टाकलं. शेवटच्या फेरीची घंटा झाली. पुढच्या दोघी लांब होत्या, पण दर वळणात त्या थोड्या थोड्या जवळ येत होत्या. मग रेघ आली. पनू तिसरी.

सरांच्या मनात काय आलं ते मला माहीत होतं. सराव झाला असता तर पहिली दोन वळणं जपून गेली नसती.

पनू बाहेर आली. धापा टाकत होती, तिची बोटं इतकी बधिर झाली होती, की नाडी सुटेना. ती बाकावर बसली आणि तिनं दोन्ही पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवले.

"सोड."

मी नाड्या सोडायला लागले. 

"तिसरी आले," ती म्हणाली.

"बघितलं."

"तू हाक मारलीस ना तवा मला वाटलं, जमीन फाटावी आन् आत जावं. त्या समद्या पोरी ईचारायल्या, ती कोण, ती कोण."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, माझी मोठीआय हाय म्हणून." मग म्हणाली, "आईला मी काई सांगणार न्हाई."

"मी सांगीन," मी म्हणाले. गावी आल्या आल्या सांगितलंही. सुनीता दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आणि संध्याकाळी स्वतः उठून तिनं माझं ताट वाढलं.

पण ते नंतरचं. तेव्हा पनूच्या पायाचा मोजा ओला होता, घोट्यावर बुटाचा लाल वळ होता. मी पाय पदरात घेऊन चोळला. तो हळूहळू ऊन झाला.

"वळणात सुटला न्हाई पाय," ती डोळे मिटूनच म्हणाली. "एकदा बी."

मी उजवा बूट उचलला. पात्यावर पाणी होतं, बर्फाचा चुरा होता. कोरडं फडकं घेतलं आणि पुसला. नुसता पुसला.